पुढच्या आवृत्तीकडे काय मागावं?



आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, तत्त्वज्ञान सोडलंत की काय? संगणकावर व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रामवर तुम्ही काय बोलणार?" तत्त्वज्ञान सोडलेलं नाही. उलट मागच्या महिन्यात माझ्यासमोर एक यादी आली आणि ती वाचताना मला वाटलं, की चाळीस वर्षं वर्गात जे प्रश्न विचारत आलो तेच इथे निराळ्या वेशात उभे आहेत.

यादीची हकिगत अशी. आपल्या किनाऱ्यावर आगरी-कोळी समाजाच्या लग्नात धवलारीण धवले म्हणते, हे इथे कुणाला सांगायला नको. लग्नाचे विधी आणि त्यांची गाणी दोन्ही तिच्या मुखी. या धवल्यांची काही जुनी रेकॉर्डिंग्ज गावातल्या मुलामुलींनी जमवली. काही कॅसेटवरून संगणकात घेतली, काही मोबाइलवर काढलेले व्हिडिओ. अडचण ही, की ज्यांच्या घरातली ती गाणी, त्या नातवंडांनाच ती नीट कळत नाहीत. शब्द जुने, आवाज थकलेला, त्यात ढोल आणि पाहुण्यांचा गलका. मुलांना गाण्याखाली शब्द हवे होते. ती रेकॉर्डिंग्ज व्हीएलसी नावाच्या प्रोग्रामवर ऐकतात. तुमच्यापैकी बहुतेकांच्या संगणकावर तो नारिंगी-पांढऱ्या शंकूचा असणार. तो मुक्त स्रोत प्रोग्राम आहे, म्हणजे त्याची मूळ संहिता सगळ्यांसाठी खुली आहे आणि सूचना कुणीही करू शकतो. एवढं कळल्यावर मुलांनी पुढच्या आवृत्तीसाठी अकरा मागण्यांची यादी केली आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे आणली.

इंग्रजी ठीक होतं. पण मी विचारलं, "हे तुम्ही कुणाकडे मागताय? कोणत्या नात्यानं मागताय?" त्याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. आज ते शोधू या.

आधी हा प्रोग्राम कुणाचा ते पाहू. १९९६ साली पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा एक प्रकल्प सुरू झाला. वसतिगृहाच्या संगणक-जाळ्याचा वेग कमी होता, मुलांना तो वाढवून हवा होता. खरं कारण खेळ खेळायचे होते, आणि खेळासाठी पैसे कोण देणार? मग उपग्रहावरून येणारं दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण जाळ्यावरून प्रत्येक खोलीत पोचवण्याचा प्रकल्प पुढे आला. त्यातून व्हिडिओलॅन जन्मलं आणि त्याचा पाहण्याचा भाग म्हणजे व्हीएलसी. १ फेब्रुवारी २००१ रोजी महाविद्यालयाच्या परवानगीनं हे सगळं जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं. आता ते काम व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था पाहते. तिचे अध्यक्ष झाँ-बातिस्त केंफ. प्रोग्राममध्ये जाहिराती घालण्यासाठी आलेले मोठ्या रकमांचे प्रस्ताव आपण नाकारले, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये संस्थेनं जाहीर केलं, की डाउनलोडची संख्या सहाशे कोटींवर गेली. एवढे लोक वापरणार आणि मूळ काम करणारे मोजके. काही जण त्याभोवतीच्या व्यवसायातून पोट भरतात, पुष्कळ जण आपली संध्याकाळ देतात.

आता नात्याचा प्रश्न. दुकानातून पंखा आणला आणि तो फिरला नाही, तर आपण दुकानदाराला धरतो. तो आपला दावा असतो, कारण आपण पैसे दिले आणि त्यानं शब्द दिला. वेस्ली होफेल्ड नावाच्या अमेरिकन कायदेपंडितानं १९१३ साली एका निबंधात फार उपयोगी भेद केला. आपण 'हक्क' हा एकच शब्द वापरतो, पण त्याच्या पोटात वेगवेगळ्या गोष्टी असतात. दावा असेल, तर समोरच्यावर कर्तव्य येतं. नुसतं स्वातंत्र्य असेल, तर मला ती गोष्ट करायची मोकळीक असते. दुसऱ्यानं माझ्यासाठी काही करावं असं त्यातून निघत नाही. समुद्रावर फिरायला जायचं मला स्वातंत्र्य आहे, पण मला तिथे नेऊन सोडणं हे शेजाऱ्याचं कर्तव्य नाही.

मुक्त परवाना आपल्याला स्वातंत्र्य देतो. प्रोग्राम हव्या त्या कामाला वापरा, उघडून पाहा आणि बदला, प्रती वाटा, बदललेल्या प्रतीही वाटा. दावा मात्र देत नाही. उलट 'कसलीही हमी नाही' असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे मुलांची यादी ही ग्राहकाची तक्रार होऊ शकत नाही. मग ती याचना आहे का? तीही नाही. या दोहोंच्या मधली जागा आपल्या लोकांना चांगली ठाऊक आहे, फक्त संगणकाच्या संदर्भात आठवत नाही.

खारेपाटाकडे बघा. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्याला उघाडी. १९४८ चा खारजमिनींचा कायदा आला, सरकारी खातं आलं, पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या हे बांध शेतकऱ्यांनीच राखले. खेकडे बिळं करतात, बिळातून पाणी झिरपतं, लक्ष दिलं नाही तर उधाणाच्या भरतीला खांड पडते आणि गोड शेत खारं होतं. उघाडी कुठे असावी याबद्दल कुणीही बोलू शकतो. पण ज्याच्या हातात कुदळ आहे, किंवा जो पहाटे जाऊन 'अमुक ठिकाणी बीळ पडलंय' असं नेमकं सांगतो, त्याचं बोलणं आधी ऐकलं जातं. जो वरून ओरडतो, त्याच्याकडे मान वळवून लोक पुन्हा मातीकडे बघतात.

मुक्त प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीचं नियोजन बरंचसं असंच चालतं. आणि त्यातलं पुष्कळ काम बीळ बुजवण्याचं असतं, नव्या उघाडीचं नसतं. व्हीएलसीची तिसरी आवृत्ती फेब्रुवारी २०१८ मध्ये आली आणि चौथीचं काम पुढे वर्षानुवर्षं चालू राहिलं. लोक विचारतात, एवढा उशीर का? चौथीच्या कामांतलं एक मोठं काम आहे घड्याळाचं. चित्र आणि आवाज ही दोन वेगळी पाणी आहेत, प्रत्येकाची वाट वेगळी, वेग वेगळा. ओठ हलले की त्याच क्षणी शब्द ऐकू यायला हवा. त्यासाठी प्रोग्रामच्या पोटात एक घड्याळ सतत दोघांना जुळवत असतं. हे घड्याळच नव्यानं मांडायचं ठरलं. आता सांगा, अकरा मागण्यांच्या यादीत 'घड्याळ नीट करा' असं कुणी लिहिलं असतं? मुळीच नाही. जे बरोबर चालतं ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते मागायचं सुचत नाही.

इथे मला कठोपनिषदातला श्रेय आणि प्रेय हा भेद आठवतो. यम नचिकेताला सांगतो, की हिताचं एक असतं आणि आवडीचं दुसरं, आणि दोन्ही माणसापुढे एकदमच येतात. निवड करणाऱ्याची खरी परीक्षा तिथे असते. नवी बटणं, नवे रंग हे प्रेय. घड्याळ हे श्रेय. मी असं म्हणत नाही की प्रेय टाकाऊ आहे. पंच्याहत्तरीतल्या माणसाला मोठं बटण फार प्रिय असतं! पण दोन्ही एका यादीत एकाखाली एक लिहिली, तर निवड करता येत नाही. म्हणून आम्ही बसून ती अकरा कलमं चाळली. कशी, ते सांगतो, कारण पद्धत तुम्हाला उपयोगी पडेल.

पहिली चाळणी: मागितलेली गोष्ट आधीपासूनच आहे का? अकरांतल्या पाच होत्या. गाणं सावकाश लावून ऐकणं, आहे. एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकण्यासाठी सुरुवात आणि शेवट ठरवणं, आहे. शब्दांची फाइल व्हिडिओच्याच नावानं त्याच फोल्डरमध्ये ठेवली की आपोआप उघडणं, आहे. शब्द आवाजाच्या पुढेमागे होत असतील तर सरकवणं, आहे. संगणकाच्या कळफलकावर जी आणि एच या कळा दाबून पाहा. अक्षरं मोठी करणं, तेही आहे. म्हणजे जवळजवळ निम्मी यादी शोधण्याचा आळस म्हणून लिहिली गेली होती. मुलं ओशाळली. मी म्हटलं, ओशाळू नका. न सापडलेली सोय ही एक प्रकारे नसलेलीच सोय. पण मग मागणी 'सोय द्या' अशी न करता 'ही सोय सापडत नाही, तिची जागा बदला' अशी करायला हवी. ती वेगळी मागणी झाली.

दुसरी चाळणी: हे काम याच प्रोग्रामचं आहे का? दोन मागण्या इथे गळाल्या. कॅसेटची खरखर काढणं हे ध्वनिसंपादनाचं काम. त्याला ऑडॅसिटी नावाचा वेगळा मुक्त प्रोग्राम आहे. वेळा टाकून शब्द लिहिणं हे सबटायटल लिहिण्याच्या साधनाचं काम. सबटायटल एडिट, एजीसब अशी साधनं त्यासाठी आहेत. विळीनं खोबरं खवता येतं म्हणून तिच्यावर लाकडं फोडत नाहीत.

तिसरी चाळणी: दिसायला सोपं, पण किंमत किती? एका मुलीनं लिहिलं होतं, "एक चित्र मागे जाण्याचं बटण द्या." हळदीच्या विधीत आजीचा हात नेमका कसा फिरतो ते तिला बघायचं होतं. ई ही कळ दाबली की व्हीएलसी एक चित्र पुढे जातं. मग मागे का नको? ही मागणी जगभरातून वर्षानुवर्षं होत आली आहे, आणि ती अवघड का, ते समजून घेण्यासारखं आहे.

व्हिडिओत सेकंदाला साधारण पंचवीस चित्रं असतात. ती सगळी पूर्ण साठवली तर फाइल अवाढव्य होईल. म्हणून एक चित्र पूर्ण साठवतात, आणि पुढच्या चित्रांसाठी 'आधीच्यापेक्षा काय बदललं' एवढंच लिहितात. समजा, पूर्ण चित्र दर दहा सेकंदांनी एक आहे. म्हणजे मध्ये जवळजवळ अडीचशे चित्रं फक्त फरकांची. पुढे जाणं सोपं, हातातल्या चित्रावर पुढचा फरक चढवला की झालं. पण दोनशे चाळिसाव्या चित्रावरून दोनशे एकोणचाळिसाव्यावर यायचं, तर फरक उलटा काढता येत नाही. पहिल्या पूर्ण चित्राकडे परत जाऊन दोनशे एकोणचाळीस चित्रं पुन्हा घडवावी लागतात. जपमाळेत मागचा मणी घ्यायला पुन्हा मेरुमण्यापासून सुरुवात करावी, तसं. अशक्य नाही, एमपीव्ही नावाच्या दुसऱ्या मुक्त प्रोग्राममध्ये स्वल्पविरामाची कळ दाबली की एक चित्र मागे जाता येतं, थोडं थांबावं लागतं. तेव्हा त्या मुलीला मी म्हटलं, आज तुझं काम एमपीव्हीवर होईल. मागणी ठेव, पण तिची किंमत कळून ठेव.

पाच, दोन आणि एक, आठ झाली. उरल्या तीन. या तिन्हींत खरी गोष्ट होती, आणि तिन्ही पहिल्यांदा चुकीच्या शब्दांत लिहिलेल्या होत्या.

पहिली मुलांनी लिहिली होती, "मराठी नीट दाखवा." असं लिहून काही होत नाही. वाचणारा पॅरिसमध्ये बसलेला, त्याला 'नीट' म्हणजे काय ते कसं कळणार? देवनागरी पडद्यावर कशी येते ते थोडं सांगतो. युनिकोडमध्ये 'कि' लिहिताना आधी क साठवला जातो, मग वेलांटी. पण दिसताना वेलांटी आधी यायला हवी. जोडाक्षरं, रफार, सगळ्यांची रचना अशीच साठवणीपेक्षा वेगळी. ही रचना करून देणारा एक मुक्त संच आहे, हार्फबझ. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळे तोच वापरतात, व्हीएलसीसुद्धा. नाव फार्सीवरून घेतलं आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. आपण मराठीत 'एक हरफही काढला नाही' म्हणतो, तोच हा हरफ.

मराठीत आणखी एक खुबी आहे, जी हिंदीत लागत नाही. दर्या आणि दऱ्या. पहिला रफार घेऊन, दुसरा अर्ध्या आडव्या र-नं. पहिला आपल्यासमोरचा समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या खोल जागा. तो अर्धा र काढायला युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला ऱ वेगळा ठेवला आहे. टंकात किंवा रचनेत गफलत झाली, तर धवल्यातला दर्या डोंगरात जाऊन बसेल, नाहीतर अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसेल. म्हणून 'मराठी नीट दाखवा' हे वाक्य खोडून आम्ही एक छोटी फाइल केली: दहा ओळी, त्यात दर्या, दऱ्या, कि, र्हस्व न लिहिता ऱ्हस्व, असे निवडक शब्द. शेजारी छापील पानाचं चित्र, म्हणजे अपेक्षित रूप. जिथे जे चुकेल तिथे फाइल, संगणकाची माहिती, प्रोग्रामची आवृत्ती आणि पडद्याचा फोटो. हे पहाटे जाऊन नेमकं बीळ दाखवणं झालं. आणि आमच्या संगणकांवर ताज्या आवृत्तीत दहाच्या दहा ओळी बरोबर आल्या! एका जुन्या फाइलमध्येच गडबड होती, कारण ती युनिकोडपूर्वीच्या जुन्या टंकात टाइप केलेली होती. म्हणजे दोष आमच्या फाइलचा. तक्रार पाठवण्याआधी हे कळलं, ते बरं झालं.

दुसरी मागणी खरी निघाली. कॅसेटवरून आलेली रेकॉर्डिंग्ज नुसत्या आवाजाची आहेत. व्हिडिओ असला की शब्द चित्रावर उमटतात. पण नुसता आवाज असला की चित्राचा पडदाच नसतो, मग शब्द उमटणार कशावर? आम्ही करून पाहिलं. आवाजाबरोबर हलणारी चित्राकृती चालू केली की शब्द दिसतात, एरवी नाही. किंवा आजीचा एक फोटो लावून आवाजाचा व्हिडिओ करायचा. हे दोन्ही आडमार्ग आहेत. मुलांनी लिहिलं होतं, "गाण्याच्या खाली काळी पट्टी द्या." हा त्यांनी सुचवलेला उपाय झाला. आम्ही तो काढला आणि अडचण लिहिली: 'आमच्याकडे मौखिक गाण्यांची ध्वनिमुद्रणं आहेत, त्यांची वेळेसह लिहिलेली संहिता आहे, ऐकताना ती वाचायची आहे, आज ती सरळ दिसत नाही.' पट्टी द्यावी की निराळी खिडकी, ते प्रोग्राम जाणणारे ठरवतील. वैद्याला दुखणं सांगावं, औषध सांगू नये.

आणि तिसरी. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण यात काही गमावण्यासारखं आहे. मुलांची मागणी होती: "यंत्रानं ऐकून आपोआप शब्द लिहावेत." ही कल्पना आता दूरची नाही. जानेवारी २०२५ मध्ये व्हिडिओलॅननं अमेरिकेतल्या एका तंत्रप्रदर्शनात अशी सोय दाखवली: यंत्र आवाज ऐकून सबटायटल लिहितं, भाषांतरही करतं, आणि हे सारं आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय. बोलणं ऐकून लिहून देणारी जी यंत्रं आज उपलब्ध आहेत, त्यांतल्या काहींना मराठीही येते.

पण कोणती मराठी? आगरी बोलीत ळ-चा ल होतो, ण-चा न होतो आणि ड-चा पुष्कळदा र होतो. गाडीची गारी, वाडीची वारी, पाण्याचं पानी. आता एखाद्या धवल्यात आजी आपल्या वाडीविषयी गाते आहे आणि उच्चार करते 'वारी'. पुस्तकी मराठी शिकलेलं यंत्र काय लिहील? बहुधा वारीच लिहील, आणि वाचणाऱ्या नातवाला वाटेल की आजी पंढरपूरला निघाली! किंवा याच्या उलट होईल: यंत्र तिचं 'पानी' सुधारून 'पाणी' करील. पहिल्यात अर्थ गेला, दुसऱ्यात आजीची जीभ गेली. आणि दुसरं जास्त धोक्याचं, कारण ते चूक वाटतच नाही. शाळेत मास्तरांनी जे मुलांच्या बोलीचं केलं, तेच यंत्र विनातक्रार, विनाछडी करील. मीही मास्तर होतो. माझ्याकडूनही ते घडलेलं आहे.

म्हणून यंत्र नको, असं मी म्हणत नाही. पाच तासांच्या रेकॉर्डिंगमधून पहिला कच्चा खर्डा यंत्रानं दिला तर फार श्रम वाचतील. प्रश्न ज्ञानाच्या प्रामाण्याचा आहे. आपल्या न्यायशास्त्रात एखादी गोष्ट कळली म्हणजे ती कोणत्या प्रमाणानं कळली, हे विचारतात. प्रत्यक्ष पाहून, अनुमानानं, की जाणकाराच्या शब्दावरून? त्यानुसार तिच्यावर विश्वास किती ठेवायचा ते ठरतं. पडद्यावर पांढऱ्या अक्षरात आलेल्या ओळीला मात्र असला काही शिक्का नसतो. आजीच्या शेजारी बसून विचारून लिहिलेली ओळ आणि यंत्रानं अंदाजानं लिहिलेली ओळ, दोन्ही सारख्याच दिसतात. तेव्हा आमची मागणी अशी झाली: यंत्रानं लिहिलेल्या ओळी वेगळ्या ओळखू याव्यात, माणसानं तपासलेली ओळ यंत्रानं पुन्हा कधी बदलू नये, आणि बोलीतला शब्द माणसानं जसा लिहिला तसाच राहावा. अशी मागणी जगात आमच्या एकट्याची नसणार. जिथे जिथे घरची बोली आणि शाळेची भाषा वेगळी आहे, तिथल्या कुणालाही ती पटेल. मागणी खऱ्या अर्थानं सार्वत्रिक असली, की तिला बळ येतं.

आता एक मुद्दा, जो यादीत नव्हता आणि मी घालायला लावला. आजी आणि यंत्र, दोन्ही इंटरनेटशिवाय चालायला हवीत. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुम्हाला आठवतं. आपल्याच किनाऱ्यावर ते धडकलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, छपरं उडाली, कित्येक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलचे मनोरे बंद. त्या दिवसांत ज्याच्यापाशी फाइल होती त्याच्यापाशी गाणं होतं. ज्याच्यापाशी नुसता दुवा होता त्याच्यापाशी काही नव्हतं. दुसरी गोष्ट, २०२२ ची. त्या वर्षी भारतात व्हिडिओलॅनचं संकेतस्थळ उघडेनासं झालं, त्यावर बंदी घातली गेली होती. संस्थेनं ऑक्टोबरमध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या काळात नवीन प्रत त्या स्थळावरून घेता येत नव्हती. पण ज्यांच्या संगणकावर प्रत होती, ती चालत राहिली. तिला रोज कुणाची परवानगी मागावी लागत नव्हती. हा गुण आज आहे. जो गुण आज आहे तो उद्या राहावा, हीसुद्धा पुढच्या आवृत्तीकडे करायची मागणीच आहे. किंबहुना याद्यांमध्ये 'हे बदलू नका' असा एक रकाना असायला हवा.

कुणी विचारील, सर, एवढं करून त्यांनी नाही म्हटलं तर? म्हणू शकतात. दावा आपला नाही, हे सुरुवातीलाच पाहिलं. पण स्वातंत्र्य आहे, आणि ते पोकळ नाही. संहिता उघडी आहे. आपल्यातल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या मुलानं ती सोय स्वतः लिहून त्यांना देता येते. आणि ज्यानं काम दिलं त्याचा शब्दही तिथे राहतो. २०११-१२ च्या सुमारास व्हीएलसीचा परवाना बदलायचा होता, तेव्हा लिहिणाऱ्या दोनशेहून अधिक जणांशी एकेकाशी संपर्क साधून संमती घ्यावी लागली, कारण प्रत्येकाची ओळ ही त्याची होती. ज्याला संगणक येत नाही त्यालाही जागा आहे. प्रोग्रामच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. त्या मराठी शब्दांत सुधारणेला वाव आहे, आणि ते काम चांगलं मराठी येणारी निवृत्त शिक्षिका घरबसल्या करू शकते.

तर अकरांच्या तीन झाल्या, एक मी घातली, चार. मागणी छोटी झाली, पण प्रत्येकीच्या मागे फाइल आहे, अडचण आहे आणि तपासून बघायला तयार असलेला माणूस आहे. ती मुलं येत्या आठवड्यात पाठवणार आहेत. ती कधी पुरी होईल, होईल की नाही, मला माहीत नाही. एका आवृत्तीला वर्षानुवर्षं लागतात, हे आपण पाहिलं.

आणि म्हणून शेवटची गोष्ट. ज्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत जास्त अडलेले शब्द आहेत, तिच्यातली धवलारीण आज ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला ऐकू कमी येतं, पण गाणं लावलं की ओठ हलतात. सबटायटलची साधी फाइल म्हणजे ओळीचा क्रमांक, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, आणि खाली शब्द. नोटपॅडमध्येसुद्धा लिहिता येते. तिच्यासाठी चौथी आवृत्ती लागत नाही, तिसरीत सगळं आहे. लागतो तो एक लॅपटॉप, हळू लावलेलं गाणं, आणि शेजारी बसून "आजे, इथे काय म्हनलंस?" असं विचारणारं कुणीतरी. पुढच्या रविवारी सकाळी दहाला मुलं तिच्या ओटीवर बसणार आहेत. मीही जाणार आहे, ऱ आणि र्य तपासायला. आगरी मला बेताचीच समजते, तेव्हा ज्यांना चांगली समजते त्यांनी यावं. येताना चष्मा आणा.